जमीन तुमची, मुरूम सरकारचा



मागच्या बैठकीला चहाच्या वेळी एका तरुणाने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. नोटीस होती. गड्याने स्वतःच्या वावरातला उंचवटा खणून चार-पाच ट्रॉल्या मुरूम काढला आणि घरापुढच्या चिखलात टाकला. विनापरवाना गौण खनिज काढले, सबब दंड का करू नये, असे नोटिशीत विचारले होते. त्याचा प्रश्न साधा होता. "भाऊ, सातबारा माझ्या नावाचा. सोसायटीचे कर्ज माझ्या डोक्यावर. दुष्काळ पडला तर मरण माझे. मग मुरूम कुणाचा?"

मी कृषी विद्यापीठात चार वर्षे माती शिकलो. मातीचे थर, चुनखडीचे प्रमाण, ओल धरण्याची ताकद, सगळे शिकलो. दोन मीटरच्या खाली काय असते आणि ते कोणाच्या मालकीचे असते, हे मला कोणी शिकवले नाही. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर हे शिक्षण तुमच्यात बसून झाले. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तुम्हाला जरा लांब नेतो. सोबत चला, मुलूख ओळखीचा वाटेल.

टेक्सासातली कापूस-ज्वारी

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा दक्षिण भाग मेक्सिकोच्या आखाताला लागून आहे. तिथली मोठी पिके दोन, कापूस आणि ज्वारी. ज्वारी तिकडे माणसे खात नाहीत, गुरांना घालतात, एवढाच फरक. जिथे पिके नाहीत तिथे गुरांची कुरणे. या जमिनीखाली वाळूच्या दगडाचे थर आहेत. त्यातून पाणी झिरपते, विहिरींना तेच पाणी लागते आणि त्याच थरांत युरेनियमही आहे.

ते तिथे कसे साठले हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. हवा मिसळलेल्या पाण्यात युरेनियम विरघळते आणि पाण्याबरोबर खाली खाली जाते. पुढे कुजलेला पालापाचोळा किंवा गंधकाची खनिजे असलेला, हवा नसलेला थर लागला की ते पाण्यातून सुटून वाळूच्या कणांवर बसते. लाखो वर्षे असे चालले की साठा तयार होतो. १९५४ साली कार्न्स काउंटीत विमानातून किरणोत्सर्ग मोजताना हे पहिल्यांदा सापडले. (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.) आधी उघड्या खाणी झाल्या. १९७५ पासून दुसरी रीत आली. बोअर पाडायचे, भूजलातच प्राणवायू आणि सोड्यासारखा क्षार मिसळून ते थरात सोडायचे, युरेनियम पुन्हा विरघळवायचे आणि ते पाणी दुसऱ्या बोअरने वर ओढायचे. निसर्गाने जे बसवले ते उलट्या रीतीने उठवायचे.

२००० सालाच्या शेवटी युरेनियमचा भाव पौंडाला सुमारे ७ डॉलर होता. जून २००७ मध्ये तो १३६ डॉलरवर गेला. एकोणीस पट! भाव असा चढला की काय होते, हे आपल्याला नवे नाही. जो तो त्याच पिकामागे धावतो. जगभर शेकडो लहान कंपन्या युरेनियम शोधायला निघाल्या. खाणधंद्यात त्यांना 'ज्युनियर' म्हणतात, आपण धाकटी कंपनी म्हणू.

धाकटी कंपनी आणि आपला पाणाड्या

धाकट्या कंपनीकडे खाण नसते, गिरणी नसते, विकायला मालही नसतो. असतात चार भूगर्भतज्ज्ञ, जुन्या कंपन्यांनी कधीकाळी पाडलेल्या बोअरांची कागदपत्रे आणि शेअरबाजारातून गोळा केलेला पैसा. जमिनीचा तुकडा भाड्याने धरायचा, काही शे फूट खोल बोअर पाडायचे, त्यात किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र सोडायचे, कागदावर रेघ उठते का पाहायचे. बहुतेक बोअर वाया जातात आणि बहुतेक कंपन्याही. एखादीला लागते.

आपणही बोअर पाडतोच की! पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो, इथे पाड. आपण पाडतो. धूळ उडते. दुसरा पाडतो, त्यातूनही धूळ. फरक धुळीत नाही, धुळीचे पैसे कोण भरतो त्यात आहे. कंपनीचे बोअर कोरडे गेले तर ज्यांनी धोका ओळखून, वर पडलेल्या पैशातून शेअर घेतले त्यांचे तेवढेच पैसे बुडतात. कोणी त्यांच्या घराचे दार काढून नेत नाही. तुमचे बोअर कोरडे गेले तर सोसायटीचे कर्ज थकते, सावकाराचे व्याज चढते आणि लेकीचे लग्न पुढे जाते.

आणि लागले तर? कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातले उदाहरण सांगतो. हॅथॉर नावाच्या धाकट्या कंपनीला २००८ साली तिथे रफरायडर नावाचा साठा लागला. एक पौंडही माल न काढता, केवळ 'इथे आहे' एवढ्या माहितीसाठी दोन बड्या कंपन्यांत चढाओढ लागली. जानेवारी २०१२ मध्ये रिओ टिंटो या बड्या कंपनीने सुमारे ६५ कोटी कॅनेडियन डॉलर मोजून हॅथॉर विकत घेतली. पुढे युरेनियमचा भाव पडला, पडलेला राहिला, तो साठा खणलाच गेला नाही. २०२२ मध्ये रिओ टिंटोने तो १५ कोटी अमेरिकी डॉलरला विकून टाकला. २०१२ मध्ये दोन्ही देशांचे डॉलर जवळजवळ बरोबरीत होते, म्हणजे आलेली किंमत दिलेल्या किमतीचा पाव हिस्साही नाही.

यात मला कोणाची कीव येत नाही आणि कोणाचा रागही येत नाही. ज्याने धोका घेतला त्याला धोक्याची किंमत मिळाली. ज्याने भाव चुकीचा लावला त्याने तोटा सोसला. बाजार म्हणजे हेच. माझे म्हणणे एवढेच की जमिनीतून माल काढण्याच्या धंद्यात धोक्याला किंमत असते, हे जगाला मान्य आहे. पाऊस कधी येईल, बोंडअळी किती खाईल, भाव काय निघेल, यातले काही ठाऊक नसताना जूनमध्ये सरकी टोबणाऱ्याच्या धोक्याला मात्र किंमत नाही. त्याला अनुदान मिळते, सहानुभूती मिळते, पॅकेज मिळते. किंमत मिळत नाही.

आणखी एक पाहा. फुकुशिमाचा अपघात मार्च २०११ चा. त्यानंतर युरेनियमचा भाव घसरत २०१६ च्या शेवटी १८ डॉलरच्या आसपास आला. तेव्हा कॅनडातल्या कॅमेको कंपनीने मॅकआर्थर रिव्हर ही आपली जगातल्या सर्वांत समृद्ध खाणींपैकी एक खाण २०१८ च्या सुरुवातीला बंद केली. या भावात माल काढणे परवडत नाही, माल जमिनीतच राहू द्या, असे तिने उघड सांगितले. ती खाण पुन्हा सुरू झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये, भाव सुधारल्यावर. कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, ही त्यातली वाईट बाजू. पण 'देशाला विजेची गरज आहे, तोट्यात का होईना खणा' असे कंपनीला कोणी सुनावले नाही. जानेवारी २०२४ मध्ये भाव पुन्हा १०० डॉलरच्या वर गेला तेव्हा माल तिच्याकडेच होता. आपल्याला असे थांबता येत नाही. कापूस जमिनीत ठेवून चार वर्षे वाट पाहता येत नाही. म्हणून तर भावाचा आणि मालकीचा प्रश्न आपल्यासाठी कंपनीपेक्षा जास्त निकडीचा आहे.

गोलियाडचे पाणी

आता जमिनीच्या मालकाकडे येऊ. टेक्सासात जमिनीखालचे खनिज सरकारचे नाही, खासगी मालकीचे आहे. कंपनीला बोअर पाडायचे तर मालकाच्या दारात जावे लागते. करार होतो. सही करताना एकरी रोख रक्कम आणि माल निघाला तर त्याच्या किमतीत ठरलेला टक्का. ऐकायला किती गोड! पण पुढचेही ऐका, कारण मी तुम्हाला स्वर्ग दाखवायला आणलेले नाही.

पहिला खड्डा असा की तिथे वरची जमीन एकाची आणि खालचे खनिज दुसऱ्याचे असू शकते. आजोबाने अडचणीच्या वर्षी खनिजाचा हक्क एकरकमी विकलेला असतो. नातू वर कापूस पेरतो आणि खालच्या हक्काचा मालक येऊन बोअर पाडतो. टेक्सासच्या कायद्यात खालच्याचा हक्क वरच्यापेक्षा जड धरला जातो. विकलेल्या 'खनिजात' युरेनियम येते का, हा वाद १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि येते असा निकाल झाला. धडा काय? हक्क मिळाला तरी तो एकरकमी विकू नये. टक्का धरावा.

दुसरा खड्डा पाण्याचा. भाव चढत होता त्या काळात युरेनियम एनर्जी नावाची धाकटी कंपनी गोलियाड काउंटीत शोधाला उतरली. काहींनी करार केले, काहींनी केले नाहीत. बोअर पडू लागले तशा आसपासच्या विहिरींच्या पाण्याबद्दल लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने आपला संबंध नाकारला. २००८ मध्ये काउंटी स्वतः न्यायालयात गेली. तिथे तिच्या हाती काही लागले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण यंत्रणेने त्या भूजलाच्या एका भागाला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणातून सूट दिली. म्हणजे कागदावर लिहून झाले की हे पाणी आता पिण्यासाठी राखायचे नाही. आणि गंमत पाहा, भाव पडलेला असल्याने दहा वर्षांहून जास्त काळ तिथे खाण सुरूच झाली नाही! सूट मिळाली, भांडणे झाली, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला आणि टक्का कोणाच्या हाती पडला नाही. त्याच कंपनीने पुढे २०२२ मध्ये रिओ टिंटोकडून तो रफरायडर विकत घेतला. धाकटी आता थोरली झाली.

तक्रार खरी की खोटी हे ठरवायला लागतो तो पुरावा म्हणजे खोदाईच्या आधी तपासलेले पाणी. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या तपासणीने काही सिद्ध होत नाही. आणि बोअर पाडून तसेच उघडे सोडले तर वरच्या थरातले खराब पाणी खालच्या चांगल्या थरात उतरते. म्हणून शोधाचे प्रत्येक बोअर तळापासून तोंडापर्यंत सिमेंटने बुजवले पाहिजे. खनिजाला बांध घालता येतो, पाण्याला येत नाही. तुम्ही सही केली नाही म्हणून शेजाऱ्याच्या बोअरमधून होणारी खराबी तुमच्या बांधावर येऊन थांबत नाही.

आपला कायदा काय म्हणतो

आता त्या तरुणाच्या नोटिशीकडे परत येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचे कलम ४८ सांगते की जमिनीवर किंवा जमिनीखाली, कुठेही सापडलेल्या सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. परवान्याशिवाय काढले तर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड. बाजारभाव हा शब्द नीट ऐका. आमच्या कापसाचा बाजारभाव काय असावा यावर दिल्लीत समित्या बसतात. मुरमाचा बाजारभाव मात्र तलाठ्यालासुद्धा पाठ आहे.

उलट जुलै २०१३ मध्ये केरळातल्या जमीनमालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सर्व खनिज सरकारचेच असे जाहीर करणारा काही सर्वसाधारण कायदा या देशात नाही. रीतसर कायद्याने काढून घेतलेले नसेल तर जमिनीखालचे त्याचे, ज्याची जमीन. आणि जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की रॉयल्टी हा कर नाही; खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला द्यायचा तो मोबदला आहे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. रॉयल्टी म्हणजे मालकाचा मोबदला आणि जमिनीबरोबर खनिजाची मालकी येते. मग मोबदला कोणाच्या घरी जायला हवा? वाटेत आडवे उभे आहे ते कलम ४८.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे आहे युरेनियम? खरे आहे. आपली काळी जमीन बेसाल्टवर आहे आणि बेसाल्टमध्ये युरेनियम नावापुरते. पण कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या गोगीला जाऊन या. तिथेही कापूस, ज्वारी आणि तूर. तिथे जमिनीखाली साठा सापडलेला आहे. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात युरेनियमच्या शोधाला लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये विधानसभेला त्याविरुद्ध ठराव करावा लागला. आपल्याकडे वणी, राजुरा, भद्रावतीच्या कापसाखाली कोळसा निघाला तेव्हा काय झाले, हे तिथले लोक तुम्हाला सांगतील. एकदा जमिनीची किंमत मिळाली, कोळशाची नाही. जमीन कापसाच्या भावाने मोजली आणि खणली कोळशासाठी!

आणि आता धाकट्या कंपन्या आपल्या दारातही येऊ शकतात. २०२३ मध्ये केंद्राने खाण कायदा बदलला. तांबे, सोने, लिथियम अशा २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना 'शोध परवाना' मिळू लागला. युरेनियम त्या यादीत नाही. परवान्याची रीत अशी की कंपनीने शोधायचे. पुढे त्या खाणीचा लिलाव झाला की लिलावात आलेल्या जादा रकमेतला हिस्सा शोधणाऱ्याला. शोधणाऱ्याला हिस्सा द्या, माझी हरकत नाही. त्याने धोका घेतला, त्याला किंमत मिळू द्या. राज्याला रॉयल्टी, २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला निधी. आणि सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला? कलम २४-अ प्रमाणे पिकाची आणि जमिनीची नुकसानभरपाई, तीही सरकारने नेमलेला अधिकारी ठरवील तेवढी. खालचे शोधणारा भागीदार झाला आणि वरचे पिढ्यान्‌पिढ्या राखणारा अर्जदार राहिला.

आपण काय मागायचे

दोन प्रकारचे लोक आपल्याला दोन वाटा दाखवतील. एक म्हणतील, कंपनी आली की हाकला. दुसरे म्हणतील, खनिज राष्ट्राचे आहे, राष्ट्रासाठी त्याग करा. पहिल्यांना मी सांगतो, माल असेल आणि भाव चांगला असेल तर विकायचा की नाही हे मालकाने ठरवावे, मोर्चाने नाही. दुसऱ्यांना सांगतो, राष्ट्रासाठी आम्ही स्वस्त कापूस दिला, लेव्हीची ज्वारी दिली. आता तुमची पाळी.

मालकीचा कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. कॅनडाच्या उत्तरेतल्या डेने लोकांचीही खनिजावर कायद्याने मालकी नाही. तिथेही ते सरकारचेच. पण ते एकजुटीने उभे राहिले. २०२१ मध्ये बर्च नॅरोज गावच्या डेने लोकांनी, आम्हाला न विचारता रानात शिरलेल्या एका धाकट्या कंपनीच्या माणसांना रस्त्यात अडवले. दुसऱ्या कंपनीने, नेक्सजेनने, खाण सुरू करण्याआधीच त्या भागातल्या डेने आणि मेती समाजांशी लाभाचे करार केले. वाटाघाटीची वेळ शोधाच्या आधीची असते. साठा सापडला, शेअर चढले, की मग तुमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत या पाच मागण्यांवर चर्चा करावी असे मी सुचवतो.

१. सातबाराधारकाची लेखी संमती असल्याशिवाय शोधाचे एकही बोअर पाडू नये.

२. आसपासच्या सर्व विहिरी-बोअरांचे पाणी आधी तपासून त्याची प्रत मालकाला द्यावी. शोधाचे प्रत्येक बोअर सिमेंटने बुजवून गावासमोर पंचनामा करावा.

३. पीक बुडाल्यास त्या हंगामाचे पैसे बोअर पाडण्याआधी हातात द्यावेत, मागाहून अर्ज करायला लावू नये.

४. बोअरमध्ये काय निघाले, याचा अहवाल ज्याच्या जमिनीत निघाले त्याला आधी मिळावा.

५. कलम ४८ बदलून रॉयल्टीत जमीनमालकाचा टक्का ठरवावा. आणि स्वतःच्या शेतातला मुरूम स्वतःच्या घरापुढे टाकणाऱ्याला नोटीस काढणे ताबडतोब बंद करावे.

पाचवी मागणी लहान वाटेल. मला ती सर्वांत मोठी वाटते. ज्याला स्वतःच्या चार ट्रॉल्या मुरमावर हक्क सांगता येत नाही त्याला सोन्या-लिथियमवर कोण विचारणार?

तो तरुण नोटिशीची घडी करून परत खिशात ठेवत होता. मी त्याला म्हटले, दंड भरू नकोस, आधी लेखी उत्तर दे. उत्तराचा मसुदा आम्ही दोघांनी तिथेच बसून केला. पहिल्या ओळीत लिहिले, 'सदर जमीन माझ्या मालकीची आहे.' तो म्हणाला, "भाऊ, एवढे तर त्यांनाही ठाऊक आहे." मी म्हटले, ठाऊक आहे, पण आपण कधी लिहून दिलेले नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशा नोटिसा आल्या असतील त्यांनी येत्या बैठकीला त्या बरोबर आणाव्यात. एकेकट्याने उत्तर देण्यापेक्षा शंभर जणांनी एकाच दिवशी दिलेले उत्तर जास्त जड पडते.